कॉलेजच्या कॅन्टीनसाठी सुपारीच्या नाहीतर बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) प्लेटा करायच्यात, सोलापुरात जमेल का?

मोहोळची_लेक

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचतेय इथं, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतेय. लांबलंय थोडं, पण अर्धवट सांगितलं की उत्तरं पण अर्धवट येतात म्हणून सगळंच लिहिते.

मी मोहोळ तालुक्यातली. बीएस्सी केमिस्ट्री सोलापुरात केलं, मग दोन वर्षं चिंचोली एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबला होते, आता घरी आहे. आई बचत गटात आहे, अकरा जणी आहेत, त्यातल्या पाच-सहा जणींना रोजचं काम पाहिजे कारण शेतातलं काम काय बारा महिने नसतं. घरामागं पत्र्याचं शेड रिकामं आहे आणि बोअरला पाणी आहे, मे महिन्यात कमी होतं पण आटत नाही.

डोक्यात हे कुठून आलं ते सांगते. कॉलेजला असताना आमच्या कॅन्टीनला पोहे चकचकीत कागदी डिशमध्ये मिळायचे आणि वडापाव पेपरात, वड्याचं तेल लागून पेपरची शाई वड्यावर उतरलेली असायची आणि आम्ही तेच खायचो. दर शनिवारी तो सगळा ढीग मागच्या भिंतीला लावून पेटवायचे, वारं आमच्या लॅबकडं असलं की धूर आत, खिडक्या लावून प्रॅक्टिकल करायचं. तीन वर्षं हे बघितलंय. तेव्हापासून वाटतंय की निदान आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांना तरी मातीत जाणारी प्लेट आपण देऊ शकतो. आपलं विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरतं आहे, सगळी कॉलेजं दोन-अडीच तासांच्या आत येतात, मग माल पोचवायला सोपं जाईल असा माझा हिशोब.

आता अडलंय कुठं ते. एक म्हणजे सुपारीच्या पानाची प्लेट करू का बगॅसची? गावापासून साखर कारखाना जवळ आहे, हंगामात बगॅसचे डोंगर दिसतात, मग घराजवळचं सोडून कर्नाटकातून सुपारीची पानं का आणायची? दुसरं, एका प्रदर्शनात एक मशीनवाला भेटला, तो म्हणतो मशीन माझ्याकडून घ्या, तुमचा सगळा माल मीच परत विकत घेतो, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. पप्पांना ते पटलंय, मला धाकधूक वाटतेय. तिसरं, कॅन्टीनवाले खरंच घेतील का, का नुसतं "छान आहे ताई" म्हणून पाठवतील? आणि घरचे दीड-दोन लाख आहेत, बाकी कर्ज काढावं लागेल, ते कुठून?

ज्यांनी केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा. करू नको म्हणत असाल तर ते पण सांगा, फक्त का ते सांगा.


कॅन्टीनवाला_केगावरोड

ताई, मी चौदा वर्षं कॅन्टीन चालवतोय, दोन कॉलेजची कॉन्ट्रॅक्टं आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणकार देतील.

आधी हे समजून घ्या की कॅन्टीनवाला प्लेट कशाला घेतो. हौस म्हणून नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात तर टँकर मागवावा लागतो. स्टीलच्या प्लेटा माझ्याकडं आहेत, तीनशे आहेत, पण मधल्या सुट्टीत वीस मिनिटांत दीडदोनशे पोरं येतात आणि तेवढ्या वेळात धुऊन परत लावायला एक बाई पुरत नाही, दोन लागतात, त्यांचा पगार आणि पाणी धरलं की मग डिस्पोजेबल परवडायला लागतं. म्हणजे तुमची स्पर्धा नुसती कागदी डिशशी नाही तर धुणाऱ्या बाईच्या पगाराशी आणि टँकरच्या बिलाशी आहे. हा हिशोब तुम्ही माझ्यासमोर मांडलात तर मी ऐकेन. पर्यावरण पर्यावरण म्हणून सुरुवात केलीत तर खरंच "छान आहे ताई" म्हणेन, कारण गिऱ्हाईक उभं असतं हो समोर.

आता साइज. तुमच्यासारखे तीन-चार जण आले माझ्याकडं आजपर्यंत आणि प्रत्येकानं पहिल्यांदा काढली ती लग्नाची बारा इंची थाळी. मला काय करायचीय ती? माझ्याकडं पोहे, उप्पीट, भजी, इडली, मिसळ, शेंगाचटणी-भाकरी (ही आता पोरं मागतात, हॉस्टेलची जास्त). पोह्या-भज्याला सहा-सात इंची उथळ प्लेट बस झाली. इडली-सांबार आणि मिसळीला खोल वाटी पाहिजे, गरम रस्सा ओतल्यावर पंधरा मिनिटं खालून ओल येता कामा नये. वडापावला प्लेट लागतच नाही, पण पेपर पण चालत नाही, अन्न पेपरात बांधू नका असं एफएसएसएआयनंच, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनंच सांगितलंय, तिथं मला साधा कोरा कागद पुरतो, तो तुम्ही विकू नका, त्यात तुम्हाला काही सुटणार नाही.

पोहे मी पंचवीस रुपयाला देतो. त्यात प्लेटवर मी सव्वा-दीड रुपयाच्या वर जाऊ शकत नाही, मिसळ साठची आहे तिथं वाटीला अडीच-तीन रुपये निघतात. म्हणून सांगतो, वाटी घेऊन या, प्लेट नंतर. आणि उधारी. कॉलेज माझं बिल महिन्यानं देतं, फेस्टिव्हलचं बिल तर तीन-तीन महिने अडकतं, मग मी पण तुम्हाला महिन्यानंच देणार. ते आधीच धरून ठेवा, मागनं वाईट वाटून घेऊ नका.

अजून एक. कॉलेज वर्षभर चालत नाही. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मग मे महिना पूर्ण बंद. हे महिने तुमच्या पोरींना, म्हणजे गटातल्या बायकांना, काय काम देणार ते बघा.


हाळे_प्रेस

वरच्या काकांनी जे सांगितलं ते लाख मोलाचं आहे, मला हे कुणी सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी अक्कलकोट रोडला सुपारीच्या पानाच्या प्लेटांचं युनिट तीन वर्षं चालवलं, चार साचे होते. आता बंद केलंय आणि तोच माल बनवणाऱ्यांकडून आणून विकतो. का बंद केलं ते सांगतो म्हणजे तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतील.

सुपारीचं पान म्हणतो आपण पण ते पान नसतंच, झावळी जिथं खोडाला धरलेली असते ती रुंद पाळ असते, कर्नाटकात तिला हाळे म्हणतात. झाडं तोडायला लागत नाहीत, ती आपोआप गळून पडते, म्हणून हा माल मला आवडायचा आणि अजून आवडतो. ना गोंद, ना केमिकल, ना कोटिंग. पाळ पाण्यात भिजवायची, ब्रशनं घासून धुवायची, जरा निथळवायची आणि तापलेल्या साच्यात दाबायची, अर्धा-एक मिनिटात प्लेट तयार. एका चांगल्या पाळीतून एक मोठी प्लेट आणि कडेच्या तुकड्यातून एखाद-दोन वाट्या निघतात. सोपं वाटतं ना? मला पण वाटलेलं.

अडचण पहिली कच्च्या मालाची. कोरडी पाळ उन्हाळ्यातच चांगली मिळते, पावसात भिजलेली पाळ आली की काळी पडते, बुरशी धरते, ती प्लेट कुणाला देता येत नाही. म्हणजे मे संपायच्या आत पुढच्या चार-पाच महिन्यांचा माल भरून ठेवायला लागतो, त्याचे पैसे रोख, आणि तुमच्या कॅन्टीनवाल्याचे पैसे येणार महिन्यानं. मी मशीनला कर्ज घेतलं आणि हाळे भरायला पैसाच ठेवला नव्हता. तिथं अडकलो. मशीन उभं, बायका बसून, गोडाऊन रिकामं. आणि जो माल भरलेला तो पण शिमोग्याकडच्या एका व्यापाऱ्यानं निम्मा फाटका पाठवलेला, न बघता पैसे दिले होते मी. तुम्ही स्वतः जाऊन गठ्ठे उघडून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

अडचण दुसरी आपली हवा. सगळे म्हणतात सोलापूर कोरडं, वाळवायला चांगलं. पावसाळ्यात ते खरंय, कोकणातल्या माणसापेक्षा आपल्याला बुरशीचा त्रास कमी. पण एप्रिल-मेत चाळीसच्या वर पारा गेला की भिजवलेली पाळ अर्ध्या तासात इतकी सुकते की साच्यात घातली की कडेला तडकते. आम्ही मग पहाटे पाचला काम सुरू करायचो आणि अकराला बंद. ओली गोणपाटं झाकून ठेवायची पाळींवर, त्यानं बराच फरक पडला. आणि पाणी. भिजवायला रोज टाकी भरायची, तुमच्याकडं बोअर आहे हे खरंच मोठं भांडवल आहे ताई, मी टँकरवर केलं होतं.

हिशोब साधा ठेवा. एका साच्यावर एक बाई, पाळ ठेवणं दाबणं काढणं कडा कापणं धरून मिनिटाला एकच्या वर नग निघत नाही, सात तास धरले तर चारशेच्या आसपास, त्यातले फुटके-तडकलेले काढा. त्या एका बाईची हजेरी, हीटरची वीज, पाळीची किंमत, वाहतूक, सगळं भागिले तीनशे साडेतीनशे करा. जो आकडा येईल तो काकांच्या दीड रुपयाच्या शेजारी ठेवून बघा. मोठ्या थाळीला लग्नात भाव मिळतो, छोट्या प्लेटला मजुरी तेवढीच लागते पण भाव मिळत नाही, ही ह्या धंद्याची खरी गोम आहे. म्हणून एका दाबात दोन-तीन वाट्या निघतील असा साचा मिळतो तो बघा, मी ते फार उशिरा केलं. हातमोजे द्या बायकांना, साच्याची कड लागली की भाजतं, माझ्याकडं दोघींना लागलंय, अजून वाईट वाटतं.

परत विकत घेतो वाल्याबद्दल. लांब राहा. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असं मशीन घेतलं. पहिली एक-दोन खेप उचलतात, पैसे पण देतात, मग क्वालिटी बरोबर नाही म्हणून माल नाकारायला लागतात, मग फोन लागत नाही. स्टॅम्प पेपरला काही अर्थ राहत नाही, कारण त्यात "मान्य दर्जाचा माल" असंच लिहिलेलं असतं आणि दर्जा ठरवणार तो. मशीन ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडं आधी तुमची पाळ घेऊन जा, त्याच्या मशीनवर दिवसभर बसून स्वतः दाबून बघा, आणि त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी तीन जणांच्या युनिटला जाऊन या. फोनवर बोलून नाही, जाऊन.

आणि ते मशीनवाले बऱ्याचदा द्रोण मशीन गळ्यात मारतात, चंदेरी कागदाचे द्रोण काढणारं. स्वस्त असतं, जागा कमी लागते. पण तो कागद प्लास्टिक लॅमिनेटेड असतो आणि आपल्या राज्यात २०२२ च्या जुलैपासून प्लास्टिकचं कोटिंग-लॅमिनेशन असलेल्या कागदी डिश, वाट्या, कप पण बंदीत आलेत. बाजारात सर्रास मिळतात ही गोष्ट वेगळी. तुम्ही ज्या कारणासाठी सुरू करताय त्याच्या हे बरोबर उलटं होईल.

निर्यातीची स्वप्नं कुणी दाखवली तर एवढं लक्षात ठेवा की मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं अन्न-औषध खातं) सुपारीच्या पाळीची भांडी अन्नासाठी चालणार नाहीत असं सांगितलं, सुपारीतले घटक अन्नात उतरतात म्हणून. आपल्याकडं तशी बंदी नाही. पण उद्या एखाद्या प्राध्यापकानं विचारलं तर तुम्हाला हे माहीत असलं पाहिजे, तुम्ही केमिस्ट्रीवाल्या आहात, लपवू नका, नीट सांगा. माझ्या मते पोहे-भजी असा कोरडा खाऊ आणि गरम आंबट रस्सा ह्यात फरक करावा, रश्श्याला मी स्वतः आता बगॅसचीच वाटी देतो.


चिपाडातला_माणूस

बगॅसचं मी सांगतो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये वीस वर्षं झाली.

डोंगर दिसतो म्हणून तो फुकटचा नसतो, ताई. टनभर ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. ते आम्ही बॉयलरला जाळतो, त्यावर कारखाना चालतो आणि सहवीज प्रकल्प असेल तर उरलेली वीज विकतो. म्हणजे प्रत्येक किलोला आधीच गिऱ्हाईक आहे. हंगाम संपल्यावर जो साठा उरतो त्यावर पेपर मिलवाल्यांचा डोळा असतो. तुम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलात तर कदाचित देतीलही एखाद-दोन खेपा, पण त्यावर धंदा उभा करू नका.

आणि समजा मिळालं, तरी चिपाड थेट साच्यात दाबून प्लेट होत नाही. हा गैरसमज खूप लोकांचा आहे. आधी त्यातला भुसा, आम्ही पिथ म्हणतो, तो काढायला लागतो, मग कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, धुवायचं, तेव्हा कुठं लगदा तयार होतो. त्या धुण्याचं काळं पाणी कुठं सोडणार? बोअरच्या शेजारी? लगदा करणं हा कागद कारखान्याचा उद्योग आहे, प्रदूषण मंडळ त्याला लाल श्रेणीत, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांत धरतं. घरामागच्या शेडमध्ये हे होणे नाही आणि करू पण नये.

लोक करतात ते असं की तयार बगॅस पल्पची शीट विकत आणतात, पाण्यात परत घोळवतात, जाळीच्या साच्यावर व्हॅक्यूमनं ओढून घेतात आणि मग गरम दाबानं सुकवतात. त्याला व्हॅक्यूम पंप, कॉम्प्रेसर, हीटिंग सगळं आलं, भांडवल तुमच्या दोन लाखांच्या जवळपास पण नाही. शिवाय नुसता लगदा तेल-पाणी धरून ठेवत नाही, त्यात तेल अडवणारं काहीतरी मिसळतात आणि ते बऱ्याच ठिकाणी फ्लोरीनवालं असतं, पीएफएएस म्हणतात त्याला, जे मातीत वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून तुम्ही बगॅसची वाटी विकत आणून पुढं विकणार असाल तरी बनवणाऱ्याकडून फ्लोरीन नसल्याचा टेस्ट रिपोर्ट मागा. चिपाडापासून केली म्हणजे आपोआप शुद्ध असं नाही.

२०२३ मध्ये बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, शेतीमालाच्या उरलेल्या भागांपासून केलेल्या जेवणाच्या भांड्यांसाठी मानक काढलंय, आयएस १८२६७. पानं, पाळी वापरून गरम दाबानं किंवा शिवून केलेली भांडी त्यात येतात, केमिकल, रेझिन, डिंक वापरू नका असं त्यात आहे. ते वाचून घ्या, तुमच्यासारखीला दोन तासांत समजेल. कॉलेजच्या खरेदी कमिटीसमोर ते नाव घेतलं की बोलणं सोपं होतं.

केळीच्या पानाचा विचार केलाय का? करमाळा, टेंभुर्णी भागात केळी एवढी आहे की घड उतरवल्यावर पानं बांधावर पडून असतात. प्लेट करायची नाही, नुसतं गोल कापून काकांच्या स्टीलच्या प्लेटवर ठेवायचं. मग प्लेट नुसती विसळली तरी भागतं. दक्षिणेत इडलीची हॉटेलं वर्षानुवर्षं हेच करतात.


कॅन्टीनवाला_केगावरोड

हे केळीच्या पानाचं मला आवडलं. पण रोज सकाळी ताजं लागेल आणि उन्हाळ्यात दहा वाजता मलूल पडतं. हॉस्टेलच्या रविवारच्या इडलीला करून बघता येईल.


फाईल_नीट_ठेवा

कर्जाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी ह्या फायली करून देतो, त्यामुळं काय चुकतं ते रोज बघतो.

सगळ्यात आधी, मशीनला ॲडव्हान्स देऊ नका. पीएमईजीपी, म्हणजे केंद्राची कर्ज-अनुदानाची योजना, फक्त नव्या उद्योगाला आहे, आधीच सुरू केलेलं युनिट त्यात बसत नाही. मंजुरी आली, मग खरेदी. लोक उलटं करतात आणि मग माझ्यासमोर बसून रडतात.

हिशोब असा. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत प्रकल्प चालतो, तुम्हाला दहाच्या आत बसवता येईल. महिला म्हणून तुम्ही विशेष गटात, स्वतःचे ५ टक्के भरायचे, आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. म्हणजे दहा लाखांचा प्रकल्प गावातल्या शेडमध्ये केलात तर तुमचे ५० हजार, बँक साडेनऊ देणार, आणि साडेतीन लाख अनुदानाचे तुमच्या नावानं बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहणार, युनिट चालू राहिलं तर मग कर्जात वळते होणार. हातात मिळत नाहीत ते पैसे, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. शहरात गाळा घ्यायचा विचार असेल तर तो सोडा, दहा टक्क्यांचा फरक म्हणजे एक लाख रुपये झाले. राज्याची सीएमईजीपी पण जवळपास तशीच आहे, दोन्हीपैकी एकच मिळते. कुठलीची मुदत चालू आहे आणि जिल्ह्याचं टार्गेट शिल्लक आहे ते जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, सायबर कॅफेवाल्याला नको.

हाळे_प्रेस यांनी सांगितलेली चूक प्रोजेक्ट रिपोर्टमध्येच होते. सगळे मशीनचाच आकडा फुगवतात. खेळत्या भांडवलाची रक्कम त्यातच नीट मागून घ्या, चार महिन्यांचा कच्चा माल आणि दोन महिन्यांची उधारी धरून. आणि पीएमएफएमईच्या नादी लागू नका, ती खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी आहे, प्लेट त्यात येत नाही, दोन जणांच्या फायली ह्याच कारणानं परत आल्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्याला कुणी पैसे मागितले तर देऊ नका.


शिकवणारी_बाई

मी एका कॉलेजमध्ये शिकवते, एनएसएसचं काम बघते. माझं थोडं वेगळं म्हणणं आहे आणि तुला नाउमेद करायचं म्हणून नाही सांगत.

जिथं स्टील धुता येतं तिथं स्टीलच असावं. मातीत जाणारी प्लेट पण एकदाच वापरून फेकायची, तिला पण पाणी, वीज, ट्रक लागतोच. तू कॅन्टीनवाल्याकडचं स्टील बंद करून तुझी प्लेट लावलीस तर त्यात कुणाचं भलं झालं असं मला वाटत नाही. तू कागदी लॅमिनेटेड डिश, थर्माकोल आणि पेपर यांची जागा घे. गॅदरिंग, सेमिनार, क्रीडा स्पर्धा, पार्सल, हॉस्टेलचा नाश्ता, जिथं एका वेळी पाचशे माणसं येतात तिथं.

दुसरं, वापरलेली प्लेट कुठं जाते? आमच्याकडं एका सेमिनारला सुपारीच्या प्लेटा आणल्या, सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो काढले, आणि संध्याकाळी त्या प्लेटा पाण्याच्या बाटल्यांसोबत एकाच काळ्या पिशवीत भरून घंटागाडीत गेल्या. मग फरक काय राहिला? प्लेट मातीत जाते हे खरं, पण तिला मातीपर्यंत नेणारं कुणीतरी पाहिजे. तू विकताना हे पण विक. शंभर प्लेटांसोबत एक वेगळी गोणी दे, त्यात फक्त उष्टं आणि प्लेटा. मोडून, ओल्या करून खड्ड्यात शेणकाल्यासोबत टाकल्या तर आमच्या खड्ड्यात अडीच-तीन महिन्यांत ओळखू पण येत नव्हत्या. बाग असतेच कॉलेजला.

आणि ही गोष्ट प्राचार्यांना कशी सांगायची ते ऐक. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी कचरा वेगळा करायचा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं होतं. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, हरित परिसर, प्लास्टिकबंदी हे विचारते, आणि त्याचा पुरावा लागतो, फोटो, बिलं, नोंदवही. कॅन्टीनवाले काका दीड रुपया बघतात, ते बरोबरच आहे त्यांचं, पण आमच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांना ती नोंदवही पाहिजे असते. तू दर महिन्याला एका कागदावर लिहून दे की इतक्या प्लेटा दिल्या, इतक्या गोण्या खड्ड्यात गेल्या. ह्या कागदासाठी कॉलेज स्वतःहून काँट्रॅक्टमध्ये अट घालेल. मग काकांना पण दोन पैसे वाढवून मागता येतील कॉलेजकडं.


हाळे_प्रेस

बाई, गोणीचं मला कधी सुचलं नाही. खरंच चांगलंय.

सुट्टीतल्या महिन्यांबद्दल एक राहिलं. कॉलेज मे मध्ये बंद असतं तेव्हाच लग्नं असतात, तिथं मोठी थाळी जाते. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, अक्कलकोटला तर बारा महिने माणूस. मोठ्या थाळीचा एक साचा ठेवाच, वाटीचा कॉलेजसाठी आणि थाळीचा लग्न-यात्रेसाठी. मला तीन वर्षांत जे काही सुटलं ते थाळीतच सुटलं.


मोहोळची_लेक

तीन आठवड्यांनी परत येतेय. एवढं सविस्तर कुणी लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं, आईला सगळं वाचून दाखवलं, पप्पांना "परत विकत घेतो" वाला परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. त्या मशीनवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

काय केलं ते सांगते. तीन कॅन्टीनला जाऊन सकाळी दहा ते दुपारी एक बसले आणि नुसतं मोजलं. एका ठिकाणी २१२ जणांनी खाल्लं, त्यातले ९० स्टीलमध्ये, ७४ लॅमिनेटेड डिशमध्ये, बाकी पेपरात नाहीतर हातात. दुसऱ्या ठिकाणी स्टील जवळपास नव्हतंच. तिसऱ्या ठिकाणी मालकांनी मला कोण म्हणून विचारलं, सांगितल्यावर चहा पाजला आणि म्हणाले फक्त मिसळीची वाटी आणा. काका, तुम्ही म्हणालात तेच.

मग शिमोग्याकडं पण जाऊन आले, मामांसोबत. एका युनिटला दिवसभर बसले, १४० वाट्या स्वतः दाबल्या, त्यातल्या २३ तडकल्या, शेवटच्या तासात मात्र दोनच. एक कळलं की पाळ किती निथळली हे हाताला कळायला लागतं, घड्याळ लावून जमत नाही. तिथल्या अक्का कानडीत सांगत होत्या आणि मला अर्धं कळत होतं, पण हात धरून दाखवलं त्यांनी. पाळींचे गठ्ठे उघडून बघितले, चांगल्या आणि दुसऱ्या नंबरच्या पाळीत फरक कसा ओळखायचा ते लिहून आणलंय.

ठरवलंय असं. मशीन आत्ता नाही. घरच्या पैशातून त्याच युनिटकडून पोह्याच्या प्लेटा आणि दुसरीकडून बगॅसच्या मिसळीच्या वाट्या थोड्या थोड्या आणणार, वाटीवाल्याकडं फ्लोरीनचा रिपोर्ट मागितलाय, अजून दिला नाही, दिल्याशिवाय घेणार नाही. दिवाळीपर्यंत दोन-तीन कॅन्टीन, गोणीसकट, नोंदवहीसकट. तोपर्यंत जिल्हा उद्योग केंद्रात फाईल टाकते, गावातल्या शेडच्या पत्त्यावर, दोन साचे, एक थाळीचा आणि एक तीन वाट्यांचा. आईच्या गटातल्या दोघींना पुढच्या महिन्यात त्या अक्कांकडं आठ दिवस शिकायला पाठवायचंय, एक जण तयार आहे, दुसरीच्या घरी विचारतायत.

एक प्रश्न उरलाय. गोणी परत आणायला मी टेम्पो रिकामा पाठवू का कॉलेजलाच खड्डा करायला सांगू? बाई म्हणतात तसं बाग सगळीकडं आहे पण खड्डा एकाच कॉलेजला आहे.


शिकवणारी_बाई

खड्डा कॉलेजलाच कर म्हणावं. टेम्पोत उष्टं घेऊन मोहोळपर्यंत नेलंस तर उन्हाळ्यात वास सुटेल आणि डिझेल पण जाळशील. खड्डा खणायला एनएसएसची मुलं असतात, दोन तासांचं काम आहे. तीन बाय दोन फूट, दोन फूट खोल, असे दोन खणायचे, एक भरला की दुसरा. आमच्याकडं येऊन बघून जा, शनिवारी दुपारी मी असते.


कॅन्टीनवाला_केगावरोड

आमच्या कॉलेजच्या मागं पण जागा आहे, मी प्राचार्यांना विचारतो. ताई, सोमवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर गर्दी होते. शंभर वाट्या आणि शंभर प्लेटा आणा, रोखीनं घेतो पहिल्यांदा. मिसळ मी स्वतः वाढतो त्यात, पंधरा मिनिटं टेबलावर ठेवून बघू.